रुप्याचा डोंगर

देवघरांतील निरांजन, संध्येची पळी-पंचपात्री, सणासुदीला बाहेर निघणारी अत्तरदाणी, नातवाच्या बारशाला आजोळाहून आलेली वाटी, ह्या वस्तू आपल्या घरांत इतक्या जुन्या परिचयाच्या आहेत कीं, त्यांचें रुपें मूळचें कोठलें हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. सोनारानें घडविलें, त्यानें सराफाकडून घेतलें, आणि सराफानें कोणाचे तरी जुने रुपये आटविले, येथपर्यंत आपली चौकशी पोंचते आणि थांबते. परंतु हिंदुस्थानच्या भूमींत चांदी फार थोडी. ह्या देशानें शेंकडों वर्षें कापड, नीळ, मिरीं, सोरा असा माल परदेशांस विकला आणि त्याच्या बदल्यांत बव्हंशीं चांदी घेतली. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जी चांदी आपल्याकडे येत गेली, तिचा मोठा भाग अमेरिका खंडांतील होता. आणि प्रारंभींच्या शंभर वर्षांत त्या खंडांतील एका डोंगरानें जितकी चांदी दिली, तितकी दुसऱ्या कोणत्याही एका ठिकाणीं निघाली नाहीं. त्या डोंगराची ही हकीकत आहे.

त्याचें नांव सेर्रो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर. आणि त्याच्या पायथ्याशीं वसलेल्या शहराचें नांव पोतोसी. दक्षिण अमेरिकेंतील बोलिव्हिया देशांत तें आहे. विषुववृत्तापासून उत्तरेस आपलें संगमनेर जितकें दूर, जवळ जवळ तितकेंच दक्षिणेस पोतोसी. परंतु अक्षांश सारखे म्हणून हवाही सारखी असेल असें समजून कोणी पातळ कपड्यांनिशीं तेथें जाईल, तर त्याची फसगत होईल. शहर समुद्रसपाटीपासून तेरा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. आपलें महाबळेश्वर एकावर एक असें तीनदां रचलें, तरीही त्या उंचीला थोडें उणेंच पडेल.

पांढऱ्या शुभ्र घरांच्या आणि सौम्य हवेच्या सुक्रे शहराहून पोतोसीस जाणारा रस्ता सुमारें शंभर मैलांचा आहे. तो प्रथम पिल्कोमायो नदीच्या खोऱ्यांत उतरतो आणि मग सारखा चढत राहतो. झाडें विरळ होतां होतां नाहींशीं होतात. राहतें तें राठ, पिंवळें गवत, मातीच्या कच्च्या विटांचीं बुटकीं घरें आणि मान उंच करून वाटसराकडे पाहणारे लामा. लामा हा उंटाच्या कुळांतला, पण मेंढरासारखा लोंकर देणारा प्राणी. त्या डोंगराळ मुलखाचें ओझ्याचें जनावर तोच. हवा विरळ होऊं लागली कीं नवख्या माणसाचें डोकें ठणकतें, चार पायऱ्या चढतांच धाप लागते, रात्रीं झोंप येत नाहीं. तेथील लोक पाहुण्याला कोका नांवाच्या झुडपाच्या पानांचा ऊन काढा देतात. त्यानें जीव थोडा हुशारतो.

आणि मग एका वळणावर तो डोंगर दिसतो. खळ्यांत घातलेल्या धान्याच्या राशीसारखा निमुळता, एकटा, उघडा. उंची पावणेसोळा हजार फुटांच्या आसपास. रंग गेरूचा, मध्येंच पिंवळट, मध्येंच राखी. हे रंग निसर्गाचे कमी आणि माणसाचे अधिक; कारण पावणेपांचशें वर्षें आंतून उपसलेली माती आणि दगड त्याच्या अंगावरच ओतले गेले आहेत. जवळ गेल्यावर त्याच्या बाजूंना काळीं भोकें दिसूं लागतात. प्रत्येक भोंक म्हणजे खाणीचें एकेक तोंड.

ह्या निर्जन ठिकाणीं युरोपांतील माणसें कशीं आलीं, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. इ. स. १४९२ मध्यें कोलंबस निघाला तो हिंदुस्थानचा मार्ग शोधण्यासाठीं, आणि पोंचला अमेरिकेच्या बेटांवर. दोनच वर्षांनीं, १४९४ मध्यें, तोर्देसियास येथें स्पेन आणि पोर्तुगाल ह्या दोन राजसत्तांनीं तह करून अटलांटिक महासागरांत एक रेघ कल्पिली. रेघेच्या पश्चिमेचें जें सांपडेल तें स्पेनचें, पूर्वेचें तें पोर्तुगालचें! ज्यांची भूमि वांटली जात होती त्यांना ह्याची वार्ताही नव्हती. १५०० मध्यें कालिकतला जाण्यासाठीं निघालेला पोर्तुगीज सरदार काब्राल पश्चिमेकडे बराच कलला आणि ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. तेथून पुढें तो कालिकतला आलाच. ब्राझील आणि पुढें १५१० मध्यें जिंकलेला आपला गोवा हीं दोन्ही अशीं एकाच जलमार्गावर पोर्तुगीजांच्या हातीं पडलीं.

स्पेनच्या वांट्याला आलेल्या पश्चिम भागांत अँडीज पर्वताच्या रांगांवर इंका राजांचें मोठें राज्य होतें. १५३२ मध्यें फ्रान्सिस्को पिसारो दोनशेंहूनही कमी माणसें घेऊन काहामार्का येथें आला आणि कपटानें त्यानें इंका आताहुआल्पा ह्यास कैद केलें. सुटकेसाठीं राजानें एक दालन सोन्यानें आणि चांदीनें भरून देण्याचें कबूल केलें, आणि त्याप्रमाणें तें दिलेंही. खंडणी पदरांत पडल्यावर पुढच्या वर्षीं त्याला ठार मारण्यांत आलें. देवळांतील आणि राजवाड्यांतील साठलेलें सोनेंरुपें असें एकदां लुटून संपलें, तेव्हां जमिनींतलें शोधण्याची पाळी आली.

१५४५ मध्यें दिएगो हुआल्पा नांवाच्या एका तद्देशीय मनुष्याला ह्या डोंगरावर चांदीची शीर दिसली. पळालेल्या लामाचा माग काढतां काढतां तो रात्रीं डोंगरावरच राहिला, थंडी निवारण्यासाठीं त्यानें जाळ केला, आणि पहांटे पाहतो तों दगडांतून वितळलेल्या चांदीचे ओघळ, अशी कथा सांगतात. त्याहून जुनी आणि अधिक खिन्न करणारी अशी दुसरी एक दंतकथा आहे. इंका हुआयना कापाक ह्याचे लोक ह्या डोंगरावर खणावयास गेले असतां आंतून मेघगर्जनेसारखा आवाज आला कीं, ही चांदी तुमच्यासाठीं नाहीं, दुरून येणाऱ्या दुसऱ्यांसाठीं ती राखलेली आहे. पराभूत लोकांनीं आपल्या पराभवाला मागाहून शोधलेलें हें कारण असावें. तरी त्यांतील भाकीत तेवढें अगदीं खरें ठरलें.

पहिलीं पंचवीस वर्षें चांदी जवळ जवळ पृष्ठभागावरच होती. डोंगराच्या उतारावर मातीच्या लहान लहान भट्ट्या उभ्या राहिल्या. त्यांना भोंकें पाडलेलीं असत, आणि तेथें सतत वाहणारा वारा हाच त्यांचा भाता. अशा हजारों भट्ट्या रात्रीं पेटल्या म्हणजे सारा डोंगर दिवाळीसारखा उजळे. ह्या भट्ट्या तेथील लोकांच्या, त्यांतलें कसब त्यांचें, आणि धातु गाळण्यांत त्यांचाही थोडा नफा असे. परंतु वरची उत्तम माती संपली, खालची हिणकस लागूं लागली, आणि वाऱ्याच्या भट्टीला ती दाद देईना. पोतोसीचा डाव येथेंच संपावयाचा होता.

तो संपूं दिला नाहीं तो फ्रान्सिस्को दे तोलेदो ह्यानें. हा १५६९ पासून १५८१ पर्यंत पेरूचा स्पॅनिश व्हाइसरॉय होता. पोतोसी तेव्हां पेरूच्या राज्यांत मोडत असे. मनुष्य मोठा कर्तबगार, शिस्तीचा आणि निष्ठुर. त्यानें तीन गोष्टी एकत्र आणिल्या. पहिली पारा. दळलेल्या हिणकस मातींत पारा, मीठ आणि पाणी घालून तुडविलें असतां पारा चांदीला धरून ठेवतो, आणि मग तापवून पारा उडविला म्हणजे चांदी उरते. ही रीत मेक्सिकोंत आधींच चालू झाली होती. ती १५७२ च्या सुमारास पोतोसींत आली. पारा पेरूंतील हुआंकाव्हेलिका येथील खाणींतून येऊं लागला. दुसरी गोष्ट पाणी. माती दळावयाची तर चक्क्या हव्यात, आणि त्या फिरवावयास ओघ हवा. पण पोतोसींत बारमाही नदी नाहीं. तेव्हां वरच्या डोंगरांत बांध घालून एकामागून एक तळीं बांधण्यांत आलीं, आणि त्यांचें पाणी पाटानें शहरांतून सोडून त्या पाटाच्या कांठीं शंभराच्या वर चक्क्या बसविण्यांत आल्या. त्या काळचें हें स्थापत्य पाहून आजचे इंजिनियरही मान डोलावतात.

तिसरी गोष्ट माणसें. तिलाच मिता म्हणतात.

मिता हा मूळ त्या लोकांचाच शब्द. त्याचा अर्थ पाळी. इंका राजांच्या वेळीं प्रत्येक गांव पाळीपाळीनें रस्ते, कालवे, कोठारें ह्यांसाठीं श्रम देत असे, आणि राजा त्या दिवसांत त्यांचें पोट भरीत असे. तोलेदोनें नांव तेंच ठेविलें आणि आंतला अर्थ बदलला. कुस्कोपासून पोतोसीच्या दक्षिणेपर्यंत सोळा प्रांत निवडून त्यांतील प्रौढ पुरुषांपैकीं दर सातांत एक अशा हिशेबानें दरसाल सुमारें साडेतेरा हजार पुरुषांनीं पोतोसीस आलेंच पाहिजे, असें ठरलें. वेठ एका वर्षाची. गांवच्या मुखियानें, म्हणजे कुराकानें, माणसें भरून द्यावयाचीं. संख्या उणी पडली तर दंड त्याच्या डोक्यावर.

कित्येकांना दोन दोन महिने चालत यावें लागे. मनुष्य एकटा निघत नसे. बायको, मुलें, लामांच्या पाठीवर वर्षाचें धान्य आणि अंथरूण-पांघरूण, असा सारा संसार निघे. गांवच्या वेशीवर निरोप देतांना जी रडारड होई तिचीं वर्णनें स्पॅनिश पाद्र्यांनींच लिहून ठेविलीं आहेत. आषाढींत वारी निघते तेव्हां गांव वेशीपर्यंत पोंचवावयास जातें आणि परतणाऱ्याची वाट पाहतें. हीही एक वारीच होती. पण तिच्या शेवटीं विठ्ठल नव्हता, आणि पुष्कळांचें परतणें व्हावयाचें नव्हतें.

खाणींतील काम कसें चाले, हें होसे दे आकोस्ता ह्या जेसुइट पाद्र्यानें १५९० मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत सांगितलें आहे. आंत दिवस आणि रात्र एकच. वर येण्यासाठीं कातड्याच्या वाद्यांच्या, लांकडी पायऱ्या अडकविलेल्या लांबच लांब शिड्या. मातीचें ओझें पाठीवर बांधून मजूर एकामागून एक चढत, आणि पुढच्यानें आपल्या आंगठ्याला मेणबत्ती बांधलेली असे, कारण दोन्ही हात शिडी धरण्यासाठीं लागत. आंतल्या घामेजल्या उष्म्यांतून बाहेरच्या गोठविणाऱ्या वाऱ्यांत येतांच फुप्फुसें धरत. चक्क्यांवरच्या लोकांना दगडाची धूळ बाधे, आणि अनवाणी पायांनीं पाऱ्याचा चिखल तुडविणारांचे हातपाय कांपूं लागत. ठरलेली मजुरी मिळे. पण शहरांत जिनसांचे भाव असे कीं, त्या मजुरींत पोट भरत नसे, आणि वेठीच्या आठवड्यामधून मिळणाऱ्या मोकळ्या आठवड्यांतही पुन्हां मजुरीच करावी लागे.

पोतोसींत ऐशीं लक्ष माणसें मेलीं, असा एक आंकडा पुष्कळ ठिकाणीं छापलेला आढळतो. त्याला आधार नाहीं, आणि साक्षेपी इतिहासकार तो मानीत नाहींत. तो खोटा म्हणून दुःख लहान होत नाहीं. वेठ चुकविण्यासाठीं माणसें जन्मगांव सोडून परमुलखांत उपरीं म्हणून राहूं लागलीं. सोळा प्रांतांतील गांवें ओस पडत चाललीं. आणि उरलेल्यांवर तीच वेठ अधिक वेळां येऊं लागली. दोमिंगो दे सान्तो तोमास ह्या धर्मोपदेशकानें तर मिता सुरू होण्यापूर्वींच, १५५० मध्यें, ह्या खाणीस नरकाचें मुख म्हटलें होतें. तें राजाच्या दरबारीं वाचलें गेलें, वाद झाले, चौकशा झाल्या, आणि चांदी येत राहिली. शेवटीं १८१२ मध्यें स्पेनच्या प्रतिनिधिसभेनें मिता रद्द केली. तोंवर दोनशें चाळीसच्या आसपास वर्षें लोटलीं होतीं.

इकडे शहर वाढत होतें. १६१० च्या सुमारास पोतोसीची वस्ती सुमारें १,६०,००० सांगितली आहे. त्या वेळच्या युरोपांतील मोठमोठ्या राजधान्यांच्या तोडीची ही संख्या, आणि ती कोठें, तर जेथें गवताखेरीज कांहीं उगवत नाहीं अशा माळावर! रेशीम, गालिचे, चिनी भांडीं, अत्तरें सर्व कांहीं तेथें विकावयास येई. पोर्तुगीज व्यापारी ब्राझीलकडून आणि ब्वेनोस आयरेसकडून चोरवाटेनें माल आणीत, त्यांत आफ्रिकेंतून पकडून आणलेलीं माणसेंही असत. आणि चांदी घेऊन जात. त्या दिशेच्या मोठ्या नदीचें नांव रिओ दे ला प्लाता, म्हणजे चांदीची नदी, आणि अर्जेंटिना ह्या देशनामाचें मूळही चांदीच्या लॅटिन नांवांतच आहे. स्पॅनिश भाषेंत अत्यंत मोलाच्या वस्तूला एक पोतोसी किंमतीची म्हणण्याचा वाक्प्रचार रूढ झाला. सेर्व्हान्तेसच्या दोन किखोते ह्या कादंबरीच्या १६१५ मध्यें निघालेल्या दुसऱ्या भागांतही पोतोसीच्या खाणींचें नांव आलें आहे.

आज त्या वैभवाची साक्ष द्यावयास कासा दे ला मोनेदा, म्हणजे टांकसाळ, उभी आहे. पहिली टांकसाळ १५७० नंतरच्या दशकांतली. सध्यांची भव्य इमारत १७७३ मध्यें पुरी झाली आणि आतां तिचें संग्रहालय झालें आहे. जाड दगडी भिंती, लांकडाचीं भक्कम दारें, आणि आंत दांतेरी चाकांचीं अजस्र लांकडी यंत्रें. वरच्या मजल्यावर चांदीचे पत्रे दाबणारे रूळ फिरत, आणि खालच्या मजल्यावर ते फिरविण्यासाठीं खेंचरें गोल गोल चालत. टांकसाळींत आफ्रिकी गुलामही राबत. ह्याच संग्रहालयांत एक जुनें तैलचित्र आहे. त्यांत देवमाता मेरीचा झगा म्हणजेच तो डोंगर. झग्यावर वाटा, लामा आणि माणसें चितारलेलीं. आणि वर फक्त तिचें मुख आणि दोन हात. जुने लोक भूमीला पाचामामा, म्हणजे धरणीमाता, म्हणून पूजीत. धर्म बदलला, पण चित्रकारानें आईच्या आंत आईला जागा करून दिली.

एवढी चांदी गेली कोठें? लामांच्या आणि खेंचरांच्या पाठीवरून ती समुद्रकांठीं आरिकास जाई, तेथून लिमाच्या बंदरीं, पुढें पनामाची चिंचोळी पट्टी ओलांडून दुसऱ्या समुद्रांत, आणि गलबतांच्या ताफ्यांतून सेव्हिलला. राजाचा पांचवा हिस्सा ठरलेला, आणि त्याचा हिशेब कारकुनांनीं बारीकसारीक लिहून ठेविलेला. तरीही चांदी घरांत आली म्हणून घर श्रीमंत झालें असें म्हणतां येत नाहीं. दुसऱ्या फिलिप राजाच्या कारकीर्दींत १५५७, १५७५ आणि १५९६ ह्या वर्षीं स्पेननें सावकारांचें देणें थांबविलें. गलबतें बंदराला लागण्यापूर्वींच त्यांतील चांदी लढायांसाठीं जेनोआच्या सावकारांकडे गहाण पडलेली असे. देशांत महागाई वाढली, आणि जिन्नस परदेशांतून येऊं लागले. पैसा स्पेनमधून नदीच्या पाण्यासारखा वाहून गेला. कांठावर ओल तेवढी राहिली.

तो वाहत वाहत पूर्वेकडे आला. चीननें फार मोठा भाग घेतला. मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरांतून मनिलाला जाणारीं स्पॅनिश जहाजें १५६५ पासून १८१५ पर्यंत चांदी वाहत होतीं. हिंदुस्थानांत ती लिस्बनहून गोव्याला आली, तांबड्या समुद्राच्या वाटेनें सुरतेला आली, आणि पुढें डच आणि इंग्रज कंपन्यांच्या पेट्यांतून आली. आठ रियालांचें स्पॅनिश नाणें सुमारें सत्तावीस ग्रॅम वजनाचें. मोगल राज्यांत परकी नाणें तसेंच चालत नसे. तें टांकसाळींत द्यावयाचें, वितळवून घ्यावयाचें, आणि त्याचे रुपये पाडून घ्यावयाचे. शिवछत्रपतींनीं १६६४ मध्यें लुटलें तें सुरत अशाच व्यापारानें धनाढ्य झालेलें होतें. रुपया आटला, त्याचे वाळे झाले. वाळे मोडले, त्यांचें निरांजन झालें. चांदीला स्मृति नसते, प्रत्येक मुशींत ती आपलें पूर्वायुष्य विसरते. म्हणून आपल्या देव्हाऱ्यांतील अमुक वस्तु पोतोसीची असें कोणाला सांगतां येणार नाहीं, आणि तिच्यांत पोतोसीचा कण नाहीं अशीही ग्वाही कोणाला देतां येणार नाहीं.

पोतोसीचा उतार हळूहळू आला. १६२६ च्या मार्चमध्यें सान इल्देफोन्सो तळ्याचा बांध फुटला. चक्क्या आणि वस्ती वाहून गेली. १६४९-५० मध्यें टांकसाळींतील अधिकाऱ्यांनीं नाण्यांत हीण मिसळल्याचें उघडकीस आलें, आणि पोतोसीच्या शिक्क्यावरचा जगाचा विश्वास उडाला. १८२५ मध्यें बोलिव्हिया स्वतंत्र झाला, आणि त्याच वर्षीं सिमोन बोलिव्हार ह्या डोंगराच्या माथ्यावर चढला. तेव्हां खालच्या शहरांत कांहीं हजारच माणसें उरलीं होतीं. विसाव्या शतकांत कथिलानें डोंगराला पुन्हां जाग आली. १९५२ मध्यें मोठ्या खाणी सरकारनें घेतल्या. १९८५ मध्यें कथिलाचा भाव कोसळला, आणि बेकार झालेल्या मजुरांनीं सहकारी संघ करून उरलेसुरलें खणावयास घेतलें.

ते आजही खणीत आहेत. सकाळीं खाणीच्या तोंडाशीं बसून गालांत कोकाचीं पानें भरून घ्यावयाचीं. त्यानें भूक आणि थकवा कळत नाहीं, आणि पानाचा रस उतरला कीं वेळ किती झाला तें समजतें. आंत शिरल्यावर एका कोनाड्यांत मातीची शिंगें असलेली मूर्ति दिसते. तिच्या तोंडांत पेटती सिगारेट, पायांशीं पानें आणि मद्य. तिला म्हणतात तीओ, म्हणजे काका. वर देवाचें राज्य, खालीं ह्या काकाचें; चांदी द्यावयाची कीं माणूस घ्यावयाचा हें तो ठरवितो. ज्याचें भय वाटतें त्याला नातें लावावयाचें, ही रीत आपल्यालाही ठाऊक आहे. आपण वाघाला वाघोबा म्हणतों आणि पटकीच्या देवतेला आई म्हणतों. धुळीनें जडणारा फुप्फुसांचा रोग मात्र कोणत्याही नैवेद्यानें टळत नाहीं. ऐन तारुण्यांत खोकतां खोकतां अंथरुणाला खिळलेले बाप आणि त्यांच्या जागीं आंत उतरणारे मुलगे, हें तेथें घरोघरचें दुःख आहे. डोंगरही आंतून पोकळ झाला आहे. २०११ मध्यें त्याचा माथा खचून मोठा खड्डा पडला. १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादींत असलेल्या पोतोसीचें नांव २०१४ मध्यें धोक्यांत असलेल्या स्थळांच्या यादींतही घालावें लागलें.

येथें ही हकीकत संपविली तर ती अपुरी राहील. कारण ह्या उंच प्रदेशानें जगाला चांदीखेरीज आणखी एक वस्तु दिली. मिताच्या वाटेवर लामांच्या पाठीवर जें धान्य असे म्हणून वर सांगितलें, त्यांत चुन्यो नांवाच्या काळ्या, हलक्या, दगडासारख्या गोळ्यांची पोतीं असत. चुन्यो म्हणजे सुकविलेला बटाटा. आपल्याकडे वैशाखांतल्या उन्हांत गच्चीवर बटाट्याचा कीस वाळत घालतात. तेथें काम थंडीकडून करवितात. जून-जुलैच्या कडाक्यांत लहान बटाटे रात्रीं उघड्यावर पसरावयाचे, ते गोठतात. दिवसा पायांनीं तुडवून त्यांतलें पाणी काढावयाचें. असें कांहीं दिवस केलें कीं जें उरतें तें वर्षानुवर्षें टिकतें. पेद्रो दे सिएसा दे लेओन ह्यानें १५५३ मध्यें छापलेल्या आपल्या वृत्तांतांत म्हटलें आहे कीं, नुसता चुन्यो पोतोसीच्या खाणींवर नेऊन विकूनच कित्येक स्पॅनिश लोक श्रीमंत झाले. जगाला झगमगवणारी चांदी ज्यांनीं वर काढली, ते हा काळा बटाटा खाऊन जगले.

तितिकाका सरोवराच्या आसपासच्या शेतकऱ्यांनीं हजारों वर्षांपूर्वीं रानटी, कडवट कंद निवडून निवडून बटाटा सिद्ध केला. त्याला ते पापा म्हणतात. १५७३ मध्यें सेव्हिलच्या एका रुग्णालयाच्या खरेदींत त्याची नोंद सांपडते. आपल्याकडे रूढ झालेलें नांव मात्र पोर्तुगीजांचें आहे. बाताता हा शब्द मूळ कॅरिबियन बेटांवरील लोकांचा, रताळ्यासाठीं वापरलेला. पोर्तुगीजांनीं तो उचलला, आणि गोव्याच्या वाटेनें तो आपल्या तोंडीं बटाटा होऊन बसला. उत्तर हिंदुस्थान आलू म्हणतो; आपण नकळत अटलांटिक पलीकडचा शब्द बोलतों.

आणि तो कोणत्या दिवशीं सर्वांत अधिक बोलतों? एकादशीला! गहूं, तांदूळ, डाळी हीं पूर्वजांचीं धान्यें त्या दिवशीं वर्ज्य. आणि पानांत काय? बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, चवीला हिरवी मिरची. बटाटा अँडीजचा. भुईमूग त्याच पर्वताच्या पूर्वेकडील उतारांवरचा, आजच्या बोलिव्हियाच्या दक्षिणेचा. रताळें, मिरची, आणि आपण खातों तो राजगिरा हींही अमेरिकेचीं. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कसाव्याच्या मुळापासून होतो, तें दक्षिण अमेरिकेचें. वऱ्याचे तांदूळ तेवढे आपले! हे पदार्थ आले तेव्हां धर्मशास्त्राच्या यादींत त्यांचें नांव नव्हतें. यादींत नाहीं म्हणून निषेध नाहीं, आणि निषेध नाहीं म्हणून पवित्र! आपल्या आज्या-पणज्यांनीं किती सहजपणें परक्यांना पंगतींत घेतलें, हें पाहून कौतुक वाटतें.

पुढच्या एकादशीस देवापुढें चांदीच्या वाटींत बटाट्याच्या भाजीचा नैवेद्य ठेवतांना क्षणभर थांबून पाहावें. वाटी आणि भाजी दोघींचेंही माहेर कदाचित् एकच असेल. चांदीचा हिशेब राजानें ठेविला, तिच्यासाठीं तह झाले, ताफे निघाले, सोळा प्रांतांचीं गांवें ओस पडलीं; आणि ती ज्या राजाच्या घरीं गेली त्याचें दिवाळें निघाल्यावांचून राहिलें नाहीं. बटाटा कोणी, केव्हां, कोणत्या गलबतांतून आणिला, ह्याचा हिशेब कोणींच ठेविला नाहीं. पण त्या माळावर लामांच्या मागून चालत गेलेल्या माणसांचा जो ठेवा आज जगांतील गरीब-श्रीमंत सर्वांच्या पानांत पडतो, तो हाच. नैवेद्य दाखवितांना आपण अन्नदात्याचें स्मरण करतों. त्यांत त्या दूरच्या शेतकऱ्यांचें आणि शिडीवर आंगठ्याला मेणबत्ती बांधून चढणाऱ्या त्या मजुरांचेंही स्मरण व्हावें, एवढीच इच्छा.